समुद्रावरची एक दिवसाची ट्रिप आणि दुष्काळातली पोरं

मे-जून उजाडला की लातूर-नांदेडच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर एक गंमत दिसते. इकडे विहिरींचा तळ दिसायला लागलेला असतो आणि तिकडे परदेशात शिकणाऱ्या कुणाच्या तरी ताईच्या, कुणाच्या तरी दादाच्या स्टेटसवर निळंशार पाणी. मागे बातुमीचा काळा समुद्र, नाहीतर ब्रायटनचा गोट्यांचा किनारा, नाहीतर किर्गिझस्तानातलं इस्सिक-कूल सरोवर. पाच-सहा जणांचा ग्रुप, गॉगल, हातात चिप्सचं पाकीट आणि खाली दोनच शब्द : ‘संडे डन’.

आपण ते बघतो, हार्ट टाकतो आणि पुढं जातो. पण या फोटोंबद्दल एक गंभीर गोष्ट बोलायची राहून गेली आहे. आपल्या भागातून बाहेर जाणाऱ्या पोरांना आपण व्हिसा, फी, हॉस्टेल, मेस, सगळं समजावून पाठवतो. ज्या पाण्यात ती पोरं आयुष्यात पहिल्यांदा उतरणार असतात, त्याबद्दल मात्र कुणीच काही सांगत नाही.

ट्रिप म्हणजे चैन नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. ‘बाप इथं कर्ज काढून पैसे पाठवतो आणि ही पोरं तिकडं बीचवर मजा मारतात’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या काकांच्या तोंडून ऐकलेलं असतं. हिशेब मांडला तर उलटंच दिसतं. परदेशात विद्यार्थ्याला परवडणारी सगळ्यात स्वस्त करमणूक म्हणजे एक दिवसाची ट्रिप. हॉटेलचा खर्च नाही, डबा घरून करून न्यायचा, सकाळची गाडी पकडायची आणि रात्री रूमवर परत. जर्मनीत मे २०२३ मध्ये ४९ युरोचं मासिक तिकीट सुरू झालं. पुढं त्याचा दर वाढला, पण आजही त्या एका तिकिटावर देशभरातल्या लोकल आणि पॅसेंजरसारख्या गाड्यांनी कितीही फिरता येतं. हॅम्बुर्गला शिकणारं पोरगं त्याच तिकिटावर बाल्टिक समुद्रावर जाऊन येतं. लंडनहून ब्रायटन रेल्वेनं तासाभरावर. बातुमीत शिकणाऱ्यांना तर तिकीटही लागत नाही, समुद्र शहरातच आहे.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातून एमबीबीएस करायचं तर किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. म्हणजे साडेपाच-सहा वर्षं. अठराव्या वर्षी गेलेलं पोरगं चोविसाव्या वर्षी परत येणार. इतकी वर्षं कुणी फक्त हॉस्टेल आणि लेक्चर हॉलमध्ये काढू शकत नाही. आणि आठ महिने बर्फ बघितल्यावर ऊन पडलं की तिकडचं अख्खं शहर पाण्याकडं धावतं. आपली पोरं तरी मागं कशी राहतील? त्यांनी राहूही नये.

त्यामुळं ‘पाण्याकडं जाऊच नको’ हा सल्ला काही कामाचा नाही. तो कुणी पाळत नाही. फार तर घरी न सांगता जातात.

बातम्या काय सांगतात

जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत एक आकडा दिला. आधीच्या पाच वर्षांत ४१ देशांमध्ये मिळून ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला होता. सर्वाधिक १७२ कॅनडात, त्याखालोखाल १०८ अमेरिकेत. यात आजारपण, अपघात, नैसर्गिक कारणं असं सगळंच आलं. हल्ल्यांमध्ये गेलेले त्यात १९ होते. टीव्हीवर चर्चा होते ती या १९ची. ती व्हायलाच हवी. पण उरलेल्या ६१४ जणांमध्ये जे साध्यासुध्या अपघातांत गेले, त्यांची चर्चा गावातल्या शोकसभेपुरतीच राहते. त्यातले पाण्यात किती गेले, हा हिशेब त्या उत्तरात वेगळा दिलेला नव्हता. आणि जे मोजलं जात नाही, त्यावर धोरणही ठरत नाही.

बातम्या मात्र एकामागून एक आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर, लाइफगार्ड नसलेल्या एका किनाऱ्यावर, एकाच ग्रुपमधले चार भारतीय बुडाले. एप्रिल २०२४ मध्ये स्कॉटलंडमध्ये मित्रांसोबत फिरायला गेलेले दोन भारतीय विद्यार्थी धबधब्याच्या पाण्यात गेले. आणि जून २०२४ च्या सुरुवातीला रशियातल्या वेलिकी नोवगोरोद शहरात वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातली पोरं होती. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली, वय अठरा ते वीस. पाण्यात उतरलेली एक मुलगी अडचणीत आली, तिला वाचवायला सोबतचे धावले आणि पाच जणांपैकी एकच जण वाचला.

म्हणाल, परदेशातलं पाणी वेगळं असतं. असतं. पण हे दुखणं परदेशात सुरू होत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या समुद्रात (आपल्या लातूर तालुक्यातलं मुरुड नव्हे) पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतल्या आठ जणांचा जीव गेला. पुणे, बेळगाव, जळगाव. गावं वेगळी, पण एक गोष्ट सारखी आहे. ही सगळी समुद्र नसलेल्या ठिकाणची पोरं आहेत. लातूर-नांदेड याच यादीतलं आहे. लातूरहून कुठलाही समुद्रकिनारा साडेतीनशे किलोमीटरहून लांब पडतो.

पाणी साठवायला शिकलो, पोहायला नाही

२०१६ हे साल लातूरकर विसरणार नाहीत. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली ‘जलदूत’ रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनात आली. तेव्हा चौथी-पाचवीत असलेली लेकरं आज बिश्केकच्या बोर्डिंग पास रांगेत उभी आहेत. त्यांच्या बालपणात पाणी म्हणजे टँकर, घागर, ड्रम आणि आठ-दहा दिवसांनी येणारा नळ. पाणी जपून वापरायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पाणी माणसाला ओढून नेऊ शकतं, हे कधी अनुभवलेलंच नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीचं तसं नव्हतं. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोराला विहिरीत सोडायचे. चार दिवस नाकातोंडात पाणी गेलं की पाचव्या दिवशी पोरगं आपोआप हातपाय मारायचं. सगळा उन्हाळा विहिरीवर जायचा. मग विहिरी आटल्या आणि त्यांच्या जागी बोअर आले. पाचशे-सातशे फूट खोल बोअर शेताला पाणी देतो, पण त्यात पोहायला शिकता येत नाही. भूजलाबरोबर आपल्या भागातली एक अख्खी विद्या खोल गेली, ती अशी.

नांदेडची गोष्ट थोडी वेगळी. गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, नदीकाठच्या गावांतली पोरं आजही पोहतात. पण नांदेड शहरातला क्लासचा विद्यार्थी नदीवर जातो तो पुलावरून. लातूर काय, नांदेड काय, अकरावी-बारावीची दोन वर्षं, अनेकांची रिपीटची तिसरीही, सकाळी सहा ते रात्री दहा या वेळापत्रकात जातात. त्यात पोहणं शिकायला जागा कुठून येणार? मुलींचं तर आणखी अवघड. विहिरीवर जायची परवानगी तेव्हाही नव्हती. आज शहरात स्विमिंग पूल आहे, पण महिलांची बॅच कितीची, शिकवायला बाई आहे का, घरचे पाठवतील का, हे प्रश्न संपलेले नाहीत.

म्हणजे बघा. ‘लातूर पॅटर्न’मधून तयार झालेलं हुशार पोरगं मानवी फुप्फुसाची रचना झोपेतही सांगेल. त्याच फुप्फुसात पाणी जाऊ नये म्हणून पहिल्या तीस सेकंदांत काय करायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

समुद्र विहिरीसारखा नसतो

आता कुणी म्हणेल, मला येतं की पोहायला. शेतातल्या विहिरीत वरून सूर मारतो मी. छान. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि कुठल्याही बाजूला गेलं तरी दहा हातांवर धरायला दगड असतो. समुद्रात या दोन्ही गोष्टी नसतात.

सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे ‘रिप करंट’. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडं धावतं. अमेरिकेतल्या लाटांच्या किनाऱ्यांवर लाइफगार्ड ज्यांना बाहेर काढतात, त्यातले ८० टक्क्यांहून अधिक जण रिपमध्ये सापडलेले असतात, असं तिथली जीवरक्षकांची संघटना सांगते. जोरदार रिपचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जाऊ शकतो. ऑलिम्पिकमधला सगळ्यात वेगवान पोहणारा ५० मीटर अंतर साधारण २१ सेकंदांत कापतो, तोही जवळपास याच वेगानं. म्हणजे रिपच्या उलट दिशेनं पोहून जिंकणं कुणालाच शक्य नाही. माणूस मरतो तो बहुतेकदा दमून.

आणि यातली फसवी गोष्ट अशी की रिपचा पट्टा वरून शांत दिसतो. आजूबाजूला पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधेच एका ठिकाणी लाटा कमी, पाणी गडद. नवखा माणूस म्हणतो, ‘इथं बघ किती शांत आहे, इथंच उतरू.’ नेमकं तिथंच उतरायचं नसतं.

सापडलोच तर? किनाऱ्याकडं तोंड करून झटापट करायची नाही. आधी तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं आणि प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडल्यावर मग किनाऱ्याकडं वळायचं. रिप माणसाला खाली ओढत नाही, लांब नेतो. तरंगत राहिलेल्या माणसाकडं मदत पोचायला वेळ मिळतो.

दुसरा धोका थंडीचा. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक शिरलं की शरीर दचकतं. नकळत जोराचा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, हृदयाचे ठोके वाढतात. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर संपलंच. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. बाहेर तीस अंश ऊन असलं तरी उत्तरेकडच्या समुद्रांचं, बर्फ वितळून आलेल्या नद्यांचं आणि इस्सिक-कूलसारख्या सोळाशे मीटर उंचीवरच्या सरोवरांचं पाणी थंड असू शकतं. लातूरच्या मे महिन्यातल्या हौदाचा अनुभव इथं उपयोगाचा नाही. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते : पोहायला बघू नका, आधी तरंगा. डोकं मागं, कान पाण्यात, हात हळू हलवत, श्वास ताळ्यावर येईपर्यंत.

तिसरा धोका तळाचा. बातुमीसारख्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतार तीव्र असतो. गुडघाभर पाण्यातून तीन-चार पावलं पुढं गेलं की पायाखाली काहीच नसतं. जुहू किंवा गणपतीपुळ्याला एकदा जाऊन आलेल्याचा अंदाज इथं चुकतो.

वाचवायला धावणारा

वोल्खोवच्या घटनेतलं सगळ्यात जास्त जीवाला लागतं ते हेच. एकीसाठी बाकीचे गेले. आपल्याकडं तलावात, कॅनॉलमध्ये, शेततळ्यात एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यातही पुष्कळदा हीच साखळी असते. एक बुडतो, दुसरा धावतो, तिसरा दुसऱ्यासाठी.

याला मूर्खपणा म्हणू नका. ती माया असते. मित्र बुडताना काठावर उभं राहणं कुणाला जमेल? पण बुडणारा माणूस विचार करून वागत नसतो. त्याला जो सापडेल त्याच्यावर तो चढतो आणि त्याला खाली दाबतो. त्यामुळं शिकायचं आहे ते मायेला दुसरं काम देणं. हातात काहीही घ्या : ओढणी, बॅगेचा पट्टा, काठी, दोरी. लांबून द्या. तरंगणारं काहीही फेका. रिकामी बंद पाण्याची कॅनसुद्धा माणसाला वर धरू शकते. एकानं ओरडायचं, एकानं फोन करायचा, एकानं बुडणाऱ्यावरची नजर हटवायची नाही. अंगात उडी मारायची कितीही ऊर्मी आली तरी रिकाम्या हातानं उडी मारायची नाही.

अजून एक गैरसमज सिनेमानं दिलेला आहे. बुडणारा माणूस ‘बचाव बचाव’ ओरडत हात हलवतो, असं आपल्याला वाटतं. फ्रान्सेस्को पिया या अमेरिकी जीवरक्षकानं खऱ्या प्रसंगांचं निरीक्षण करून दाखवून दिलं की बुडणं बहुधा आवाज न करता होतं. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, त्यामुळं ओरडायला श्वासच नसतो. हात बाजूला पसरून पाणी दाबत असतात. हे २० ते ६० सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो. म्हणजे व्हिडीओ काढता काढता मागचा मित्र गप्प झाला, तर तो मजा करतोय असं समजू नका.

आणि मेडिकलवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. बुडालेल्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा ऑक्सिजनअभावी थांबतं. त्यामुळं इथं नुसतं छाती दाबून भागत नाही, तोंडावाटे श्वास देणं सगळ्यात आधी येतं. थर्ड इयरच्या परीक्षेआधी हे कळलेलं बरं.

सेमिनारमध्ये न विचारला जाणारा प्रश्न

‘परदेशात एमबीबीएस’चे सेमिनार लातूर-नांदेडला नवीन नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, ‘ऑपरेशन गंगा’तून हजारो विद्यार्थी परत आले. ओडेसासारख्या समुद्रकाठच्या शहरात शिकणारेही त्यात होते. त्यानंतर ओघ जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तानकडं वळला. या सेमिनारमध्ये पालक विचारतात : मेस इंडियन आहे का? मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का? फी किती हप्त्यांत? प्रश्न बरोबरच आहेत. विमा कोणता आणि त्यात काय काय येतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

इथं एक सरकारी विसंगती लक्षात घ्या. आखाती देशांसारख्या ठिकाणी कामाला जाणाऱ्या, इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या कामगारांना ‘प्रवासी भारतीय बिमा योजना’ सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण मिळतं. विद्यार्थ्यांना अशी कुठलीही सक्तीची योजना आपल्याकडून लागू नाही. तिकडच्या देशाच्या नियमानं जो आरोग्य विमा काढला जातो, तो मुख्यतः दवाखान्याच्या खर्चाचा असतो. काही विपरीत घडलं तर मायदेशी आणण्याचा खर्च त्यात असेलच असं नाही. भारतीय दूतावासांकडं २००९ पासून ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड’ आहे, त्यातून गरजू कुटुंबांना मदत होते. पण ती परिस्थिती पाहून दिली जाते, हक्कानं मिळत नाही. सहा वर्षांसाठी वीस-तीस लाख खर्च करणाऱ्या घरानं काही हजारांची पॉलिसी वाचून घ्यायला हवी. त्यात अपघात, साहसी खेळ आणि दारू प्यायल्यानंतरचा अपघात याबद्दल काय लिहिलंय, ते आधी बघा. बारीक अक्षरं तिथंच असतात.

आणि आता घरच्यांबद्दल. एज्युकेशन लोन, कधी गहाण शेत, कधी मोडलेलं सोनं यावर पोरगं तिकडं गेलेलं असतं. त्यामुळं समुद्रावर गेलो हे घरी सांगायला त्याला अपराधी वाटतं. आई-बाबा स्टेटसमधून ‘हाइड’ केलेले असतात. मग घरी माहीत असतं की लेकरू लायब्ररीत आहे आणि लेकरू असतं दोनशे किलोमीटर लांबच्या किनाऱ्यावर. काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा, ग्रुपमध्ये अजून कोण होतं, कुठल्या गावात शोधायचं, हे घरच्यांना ठाऊकच नसतं. पालकांनो, ‘शिकायला पाठवलंय की फिरायला?’ हा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘कुठं चाललात, सोबत कोण आहे, पोचलास की मेसेज टाक’ एवढं विचाराल तर पोरं खरं सांगतील.

उपाय महागडे नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मेले. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. भारतात २०२२ मध्ये ३८ हजारांहून अधिक जणांचा बुडून मृत्यू झाल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं केली. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्याविरोधातला जागतिक दिवस ठरवला. आपल्या किती कॉलेजांत तो पाळला जातो, हे तुम्हीच सांगा.

बांगलादेशात ‘स्विमसेफ’ नावाचा कार्यक्रम चालला. महागडे पूल बांधले नाहीत. गावच्या तळ्यातच बांबूचा मचाण उभारला आणि त्यात लेकरांना तरंगणं, थोडं पोहणं आणि काठावरून दुसऱ्याला वाचवणं शिकवलं. ज्यांनी शिकलं, त्यांच्यात बुडण्याचं प्रमाण खूप घटलं. आपल्याकडं एवढ्या शेततळ्यांच्या योजना झाल्या. मुलांना नीट देखरेखीखाली शिकवण्यासाठी जागा सापडणार नाही, असं नाही. गोव्यानं २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले. म्हणजे इच्छा असेल तर इथंही होतं. मुरुडच्या दुर्घटनेनंतर आपल्याकडं सहलींवर बंधनं घालणारी परिपत्रकं निघाली. सहल बंद करणं सोपं असतं, पोहायला शिकवणं कष्टाचं. आपण सोपं निवडलं.

लातूर-नांदेडच्या क्लासेस, कॉलेजेस आणि कन्सल्टन्सींना एक साधी गोष्ट करता येईल. नीटचा निकाल लागल्यापासून विमानात बसेपर्यंत दोन-तीन महिने हातात असतात. या काळात महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा क्रीडा संकुलाच्या पूलवर ‘परदेशी जाणाऱ्यांसाठी’ एक महिन्याची बॅच. मुलींसाठी वेगळी वेळ, शिकवायला बाई. ऑलिम्पिकला नाही पाठवायचं, पाच मिनिटं तरंगता आलं आणि पंचवीस मीटर पार करता आलं तरी पुष्कळ.

निघायच्या आदल्या रात्री

तोवर तुमच्या हातात काय आहे? तिकडं असलेल्या मित्राला हे पाठवून द्या.

० लाइफगार्ड असलेलाच किनारा निवडा. अनेक देशांत लाल-पिवळा झेंडा म्हणजे इथं लाइफगार्डची नजर आहे, दोन झेंड्यांच्या मधेच पोहा. लाल झेंडा म्हणजे धोका. दोन लाल म्हणजे पाणी बंद. झेंडाच नसेल तर फोटो काढा, पाय भिजवा, परत या.

० इमर्जन्सी नंबर आधीच सेव्ह करा. युरोपियन युनियन, जॉर्जिया, रशिया, कझाकस्तानात ११२. ब्रिटनमध्ये ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागायचं. ऑस्ट्रेलियात ०००. अमेरिका, कॅनडा, फिलिपिन्समध्ये ९११. तिथल्या भाषेत ‘मदत करा’ आणि ‘माणूस बुडतोय’ ही दोन वाक्यं सगळ्यांना पाठ हवीत.

० ग्रुपमध्ये कुणाला पोहता येतं, कुणाला नाही, हे बसमध्येच उघड विचारा. ‘नाही येत’ म्हणण्यात लाज कसली? लातूरच्या पोराला नाही येत, तर नाही येत.

० एक जण कायम काठावर, फोनसह. आळीपाळीनं. तो पाण्यात उतरणार नाही आणि रीलही काढणार नाही.

० बीअर प्यायची असेल तर पाण्यातून कायमचं बाहेर आल्यावर. पिऊन पाण्यात नाही. यावर चर्चा नको.

० अंधार पडल्यावर पाणी नाही. दगडांवर उभं राहून लाटेसोबत सेल्फी नाही.

० लोकेशन रूमवरच्या एका मित्राला आणि घरच्या एका माणसाला शेअर करा. दूतावासाचा नंबर जवळ ठेवा. अडचण आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

ज्या भागानं रेल्वेनं आलेलं पाणी पिऊन दहावी-बारावीचे निकाल लावले, त्या भागातल्या पोरांनी समुद्र जरूर बघावा. त्यांचा तो हक्क आहे. पण पाण्याची टंचाई सोसलेल्या माणसाला पाणी कळतं असं नाही, ते शिकावं लागतं. नीटच्या तयारीला आपण दोन वर्षं देतो. पोहायला शिकायला एक महिना पुरतो. येत्या सुट्टीत पूलवर नाव नोंदवा, आणि शेजारच्या ज्या ताईचं सप्टेंबरचं तिकीट निघालंय, तिलाही सोबत न्या.